शेवईला काय वाढायचं?

मैत्रिणींनो, परदेशी लेकीच्या घरी गेलेली आई दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे सापडते? स्वयंपाकघरात! मीही तिथेच होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन नावाचं बंदर आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ निघालं ते ह्याच बंदरातून. तिथे माझी लेक राहते. २०२४ च्या जुलैअखेर मी तिच्याकडे गेले. सगळी मंडळी झोपलेली. म्हटलं, उठेपर्यंत मटारभात करून ठेवावा, म्हणून फ्रीझर उघडला. मटारच्या पिशवीला खेटून आणखी एक छोटी पिशवी होती. आत गुलाबी गुलाबी, बोटाच्या पेराएवढं काहीतरी. आता मी पडले मालवणची. मला वाटलं, सोललेली कोलंबी! लेकीनं आईची आवड ध्यानात ठेवली म्हणून जीव कसा सुखावला. पिशवी बाहेर काढून ठेवली, कांदा चिरायला घेतला, तेवढ्यात लेक जिना उतरून आली आणि जी ओरडली, “आई, थांब! कोलंबी नाही ती, उंदराची पिल्लं आहेत!”

पुढचा अर्धा तास मी काय काय धुतलं ते विचारू नका.

पिल्लं होती माझ्या नातवाच्या, सोहमच्या सापासाठी. हो, सापासाठीच. त्या देशात कुत्रं-मांजर पाळावं तसे काहीजण साप पाळतात. काचेची पेटी, एका बाजूला ऊब देणारी चटई, दुसऱ्या बाजूला गारवा, पाण्याचं भांडं, लपायला झाडाची साल. हे साप रानातून धरून आणलेले नसतात, पाळणाऱ्यांच्या घरीच जन्मलेले असतात. (आपल्याकडे कुणी असा हट्ट धरला तर लगेच सांगून ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला साप घरात ठेवता येत नाही, आणि ते बरंच आहे.) त्यांच्या खाण्यासाठी उंदीर मारून, गोठवून, मापामापाने विकतात. अगदी जन्मलेला, बिनकेसांचा तो ‘पिंकी’, लव आलेला तो ‘फझी’, आणि असंच वर चढत उंदरापर्यंत. जिवंत उंदीर सहसा कुणी घालत नाही. उंदराचे हाल होतात, आणि कोंडलेला उंदीर उलटून सापालाच चावतो.

सोहमचा साप हातभर लांब, शिसपेन्सिलीएवढा जाड. काळसर अंगावर पिवळ्या रेषा, डोकं ते शेपटी सरळ ओढलेल्या. जात गार्टर, मूळची उत्तर अमेरिकेतली. पूर्वी साहेब लोक पायमोजे वर धरायला पट्ट्यापट्ट्यांचे बंद लावत, त्याला गार्टर म्हणत. त्यावरून हे नाव. सोहमने त्याचं नाव ठेवलं होतं ‘नूडल’. मला ते काही जिभेवर बसेना. मी आपली त्याला शेवई म्हणू लागले. आठवड्याभरात घरात तेच नाव रुळलं.

आता खरी गोष्ट अशी, की शेवई जेवत नव्हती. घरी आणल्याला चार आठवडे होत आले होते. दुकानदाराने सांगितलं होतं, “उंदीर द्या, बाकी काही लागत नाही. भूक लागली की खाईल.” दर चार दिवसांनी सोहम पिंकी वितळवून, कोमट करून चिमट्याने पुढे धरायचा. शेवई जीभ लवलव करून बघायची आणि तोंड फिरवायची. दुसऱ्या दिवशी तो पिंकी कचऱ्यात. माझी लेक त्रासलेली, जावईबापू आधीच ह्या प्रकाराच्या विरोधात. “रविवारपर्यंत बघू, नाहीतर दुकानात परत,” असं फर्मान निघालं. आणि ह्या पोराने स्वतःचं जेवण टाकलं. हट्ट नव्हे हो, खरंच घास उतरत नव्हता. दहा वर्षांचं पोर, त्या वर्षी शाळा बदललेली, जुने मित्र तुटलेले. संध्याकाळी त्या पेटीसमोर बसून असायचं. एका रात्री माझ्या अंथरुणात येऊन म्हणाला, “आजी, आई लहानपणी जेवायची नाही म्हणे. तू काय करायचीस?”

मी म्हटलं, “काय करणार? आधी तिला काय आवडतं ते शोधून काढायचं. वरणभात बघून जी तोंड फिरवायची, ती मुडदुशाची आमटी दिसली की ताट चाटून पुसून ठेवायची.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण शेवई सांगत नाही ना.”

रविवारी, ४ ऑगस्टला, आम्ही न्यू फॉरेस्टला गेलो. ती दिव्यांची अवस होती. सकाळी मी दोन निरांजनं लावून, हात जोडून निघाले. साउदॅम्प्टनपासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. नाव ‘न्यू’, म्हणजे नवं, पण हे रान इंग्लंडचा राजा पहिला विल्यम ह्याने १०७९ च्या सुमाराला शिकारीसाठी राखलं, म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांच्याही सहाशे वर्षं आधी! अरण्य म्हणावं तर पुष्कळसं मोकळं माळरान. ऑगस्टात त्यावर हेदर नावाचं झुडूप फुलतं, आणि नजर जाईल तिथवर जांभळा गालिचा. मला आमच्या सड्यावरची श्रावणातली फुलं आठवली. रस्त्यावर बुटकी घोडी बिनधास्त उभी असतात, मोटारींनी थांबायचं. ती रानटी वाटतात, पण प्रत्येकीला मालक असतो. रानात गुरं चारण्याचा पिढीजात हक्क तिथल्या गावकऱ्यांकडे अजून आहे. एका घोडीने आमच्या खिडकीत तोंड घालून जावईबापूंच्या हातातल्या चकलीचा वास घेतला. चकली काही दिली नाही. ह्या घोड्यांना खाऊ घालू नये अशा पाट्या जागोजागी आहेत, आणि त्या मी वाचल्या होत्या.

लिंडहर्स्ट गावाच्या पुढे दोनेक मैलांवर, झाडीत आत, तिथल्या वनखात्याचं सरपटणाऱ्या प्राण्यांचं केंद्र आहे. काचेच्या पेट्या नाहीत. उघड्यावरच वाडे केलेत, आत हेदर, दगड, ओंडके, पाण्याचं डबकं. ऊन आलं की रहिवासी बाहेर येतात, ढग आला की आत. म्हणजे आपण त्यांच्या सोयीने बघायचं! ब्रिटनमध्ये पूर्वापार राहत आलेल्या सापांच्या जाती मोजून तीन, आणि तिन्ही ह्या रानात आहेत. एक विषारी ॲडर, पाठीवर नागमोडी नक्षी. दुसरा स्मूथ स्नेक, गुळगुळीत अंगाचा, फार दुर्मीळ. तिसरा ग्रास स्नेक, हिरवट, गळ्यात पिवळा पट्टा. तो थेट आपल्या पाणदिवडाच्या चालीचा. पाण्यात सुळकन् शिरणारा, बिनविषारी, आणि पकडलात तर मेल्याचं सोंग करून असा घाण वास सोडतो की पकडणाऱ्यालाच मेल्यासारखं व्हावं.

तिथे देखरेखीला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. सोहम त्यांना गाठून एका दमात सगळं बोलून गेला. त्यांनी ऐकून घेतलं. “उपाशी राहू दे, खाईल,” असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याला ग्रास स्नेकच्या वाड्याशी नेलं आणि विचारलं, “हा काय खातो, माहीत आहे?”

“उंदीर?”

“बेडूक. बेडूक, भेक, मासे. उंदीर ह्याच्या लेखी जेवणच नव्हे. आणि तुझा गार्टर ह्याच्याच गोतातला.”

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. साप जीभ बाहेर काढतो ती चावायला नव्हे आणि वेडावायलाही नव्हे. हवेतला वास तो जिभेवर टिपतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापाशी नेतो. त्या वासावरून हे अन्न आहे की नाही ते ठरतं. गार्टरचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, ज्याने आयुष्यात काही खाल्लेलं नाही, तेसुद्धा गांडुळाच्या वासाला जीभ लवलवत धावतं. कुणी शिकवलेलं नसतं, वास उपजत ओळखीचा असतो. रानात त्याचं जेवण म्हणजे गांडुळं, बेडूक, छोटे मासे, जळवा. उंदराचं पिल्लू मिळालं तर एखादे वेळी. उंदराच्या वासाची सवय नसलेल्या सापापुढे आपण रोज उंदीर धरत होतो, आणि वर त्यालाच हट्टी म्हणत होतो!

“मग दुकानात उंदीरच का देतात?” लेकीने विचारलं.

बाई हसल्या. उंदीर सोयीचा असतो. बारा महिने मिळतो, गोठवून टिकतो, आणि हाडांसकट, आतड्यांसकट अख्खा गिळला म्हणजे सापाला चुन्यापासून चरबीपर्यंत सगळं एका घासात पोचतं. रानात उंदीर खाणाऱ्या सापांचं त्यावर उत्तम चालतं. पण सगळेच साप त्या पंगतीतले नसतात.

गाडीत आमची ह्यावर फार मजेची चर्चा झाली. आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं, साप म्हणजे उंदीर नाहीतर दूध. पण आठवून बघा. नागराज तर दुसरे साप खातो. मण्यारही सापांवर ताव मारते. धामण उंदीर खाते तशी बेडूकही खाते. आणि तुळशीच्या कुंडीत माती उकरताना गांडुळासारखा काळपट, चमकदार जीव वळवळतो आणि आपण किंचाळतो, तो वाळा! पुष्कळदा तो बिचारा सापच असतो, वाळवी आणि मुंग्यांची अंडी खाणारा. इतका वेळ तोंड पाडून गाडी चालवणारे जावईबापू इथे एकदम खुलले. ते मूळचे वर्ध्याचे. म्हणाले, “आमच्याकडचा अंडीखाऊ विसरलात!” फक्त पक्ष्यांची अंडी खाणारा साप भारतात आहे. तो कित्येक वर्षं कुणाला दिसला नव्हता, नाहीसाच झाला की काय असं वाटत होतं, आणि २००३ साली सापडला तो वर्ध्याला! आफ्रिकेतला अंडीखाऊ त्या देशात लोक पाळतातही. त्याला दात जवळजवळ नसतातच. अख्खं अंडं गिळतो, घशात मणक्यांचे काटे उतरलेले असतात त्यांवर दाबून फोडतो, रस पितो आणि टरफल चुरगाळून बाहेर टाकतो. आम्ही बायका अंडं फोडताना टरफलाचा तुकडा पडला म्हणून बोट घालत बसतो! पिल्लाला मुनियासारख्या इवल्या पक्ष्यांची अंडी लागतात, मोठ्याला लाव्याची. कोंबडीचं अंडं बहुतेकांच्या तोंडात मावत नाही, आणि उंदीर पुढे ठेवला तर हा साप उपाशी मरेल.

परतताना ब्रॉकनहर्स्ट गावी थांबलो. टेकाडावर सेंट निकोलस नावाचं जुनं चर्च आहे. अंगणात यू वृक्ष, हजार वर्षांहून जुना सांगतात. तिथे एका संगमरवरी दगडापाशी सोहम थबकला. दगडावर कोरलेला एक दाढीवाला म्हातारा, मागे झोपडी, हातात साप! हा हॅरी मिल्स, टोपणनाव ‘ब्रशर’. १८४० साली जन्मला, १९०५ साली वारला. ह्या रानात कोळसे पाडणाऱ्यांच्या जुन्या झोपडीत राहायचा आणि दुबेळक्याच्या काठीने साप धरायचा, तेही हजारांनी. आणि त्या सापांचं काय करायचा? पुष्कळसे लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला पाठवायचा, साप खाणाऱ्या प्राण्यांच्या जेवणासाठी! जगातलं पहिलं सर्पगृह लंडनला १८४९ साली उघडलं. परदेशातून आणलेल्या जनावरांना काय वाढायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला असणारच. माझ्या नातवाला पडलेला प्रश्न निदान पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे, एवढं त्या थडग्यापाशी मला कळलं. आज त्या देशात रानातला साप मारणं आणि विकणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ब्रशरचा धंदा आता कुणाला करता यायचा नाही.

त्याच अंगणात आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणांगणात जखमी झालेल्या आपल्या हिंदी शिपायांसाठी ब्रॉकनहर्स्टला इस्पितळ उघडलं होतं. लेडी हार्डिंग्ज ह्यांचं नाव त्याला दिलं होतं. मेरठच्या नावाचा एक रस्ता त्या गावात अजून आहे. पुढे तिथे न्यूझीलंडचे सैनिक आले. त्यांच्या थडग्यांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्याजवळ काही आपल्या माणसांची थडगी. त्या कडाक्याच्या थंडीत, त्या परक्या मुलखात, कुणी त्यांना काय जेवू घातलं असेल? मी पर्समधली चार फुलं ठेवली. सकाळी दिव्यांना वाहून उरलेली होती.

आता माझी खरी परीक्षा. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार. श्रावणात मी मासळीला शिवत नाही, लग्नाआधीपासूनचा नेम. आणि त्या देशात रविवारी मोठी दुकानं चार-पाचलाच बंद होतात. म्हटलं, जावईबापू, दामटा गाडी! दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना मी आत शिरले. त्या बाईंनी सोहमला कागदावर लिहून दिलं होतं: ट्राउट किंवा सामन, ताजा, बिनमिठाचा, धुरावलेला नको. व्हाइटबेटसारखे स्वस्त छोटे मासे, किंवा शोभेचे गोल्डफिश, रोज देऊ नयेत. ह्या माशांत असं एक द्रव्य असतं की ते ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करतं. रोज तेच खाऊन सापाची मान लटपटते, झटके येतात. मैत्रिणींनो, हे वाचून मला आपल्या पॉलिशच्या तांदळाची आठवण झाली. नुसत्या सडीक पांढऱ्या भातावर राहणाऱ्या माणसांना बेरीबेरी व्हायचा, तो ह्याच ‘ब-१’ च्या अभावाने. पोट भरलेलं, आणि अंगात काही नाही. पोट भरणं आणि पोषण होणं ह्यांतला फरक सापालाही चुकलेला नाही.

घरी आल्यावर मी पदर खोचला. बेचाळीस वर्षं बांगडे नि सुरमई साफ केलेली बाई मी, त्या गुळगुळीत ट्राउटची काय मिजास! सोहमचा जुना प्लास्टिकचा पाट आणि एक सुरी ह्या कामाला कायमची वेगळी काढली. (हे मात्र कटाक्षाने करा. सापाच्या अंगावर आपलं पोट बिघडवणारे जंतू असतात. त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुवायची नाहीत, आणि त्याला हात लावल्यावर साबण.) कातडीसकट, बारीक काट्यांसकट, आगपेटीतल्या काडीएवढे तुकडे केले. मोठा काटा मात्र काढला, घशात अडकायला नको. डब्यात थर लावून फ्रीझरमध्ये. चांगलं काही दिवस गोठलं की माशातले किडेही मरतात. रात्री आठला माझे हात लिंबाने घासून झाले, आणि तेव्हा कुठे श्रावण लागायला मी मोकळी झाले.

मासा गोठेपर्यंत सापाने काय खायचं? गांडूळ! सोमवारी संध्याकाळी झारीने हिरवळ भिजवली आणि आजी-नातू टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिने काय समजून घेतलं असेल ते देव जाणे. त्या बाईंची ताकीद होती, औषध मारलेल्या बागेतलं घेऊ नका, आणि खताच्या पेटीतलं लालसर, पट्ट्यापट्ट्यांचं गांडूळ तर मुळीच नको, ते गार्टरला बाधतं. साधं, मातकट, हिरवळीतलं घ्या. तीन सापडली. स्वच्छ पाण्यातून काढली, एकाचे दोन तुकडे केले. सोहमने चिमट्याने पुढे धरलं.

शेवईने जीभ काढली. एकदा, दोनदा. मग अशी भराभर, की मोजता येईना. डोकं वर उचललं, मान वाकडी केली, आणि पुढे काय झालं ते कळायच्या आत गांडुळाचं अर्धं अंग आत गेलेलं होतं! सोहम श्वास रोखून बसला होता. दुसरा तुकडा गेला. तिसराही गेला. लेक दारात उभी होती, तिच्या हातात भांडं पुसायचं फडकं तसंच. त्या रात्री सोहमने तीन पोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत म्हणते, पण मोजल्या.

शुक्रवारी ९ तारखेला नागपंचमी आली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपल्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. मी पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या वाहिल्या, पातोळ्या केल्या. हळदीची पानं मिळाली नाहीत, केळीच्या पानावर भागवलं, पण तो वास काही येत नाही. लेकीने विचारलं, “आई, शेवईला दूध ठेवायचं का?” चेष्टा होती, पण सोहमने गंभीरपणे बघितलं. मी त्याला सांगितलं, दूध हे दूधपित्या प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. सापाची आई दूध पाजत नाही, त्याला ते पचवायची सोयच नाही. आमच्या लहानपणी गारुडी नाग घेऊन दारी यायचा आणि नाग वाटीतलं दूध प्यायचाही. पण कितीतरी दिवस त्याला पाण्याविना ठेवलेलं असायचं. तहानेलेला जीव समोर येईल ते पितो. आम्ही बायका भक्तीने वाट्या भरत होतो, आणि पुष्कळदा त्या दुधानेच तो मरत होता. माझ्या हातची एक वाटी त्यात असणारच. हे मी सोहमला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते आहे.

मग शेवईचं पाण्याचं भांडं विसळून ताजं पाणी भरलं, आणि माशाचा डबा काढला. तुकडे आधीच केलेले, नुसते कोमट पाण्यात वितळवायचे. ना सुरी, ना तवा! श्रावणात शिवत नाही म्हणून चिमटा सोहमच्या हाती. शेवईने तीन तुकडे खाल्ले आणि सालीखाली जाऊन पडली. दोन दिवस तिला हात लावायचा नाही, भरल्या पोटी हाताळलं की साप ओकतो. कार्टं दोन दिवस पेटीपाशी हात मागे बांधून फिरत होतं.

उंदीर मात्र सोडायचा नव्हता, कारण नुसत्या माशावर आणि गांडुळावर भागत नाही, हाडांचा चुना कमी पडतो. त्याची युक्ती त्याच कागदावर होती, आणि ती तर आपली रोजचीच. कारलं न खाणाऱ्या पोराला आपण चिंचगुळात घोळवून देतो ना? पिंकीचा छोटा तुकडा ट्राउटच्या पाण्यात बुडवून, दोन माशाच्या तुकड्यांच्या मध्ये द्यायचा. पहिल्यांदा तिने मासा उचलला आणि उंदीर नेमका वगळला. दुसऱ्यांदाही. सप्टेंबर अर्धा सरला तेव्हा एकदाचा गेला! मग माशाचं पाणी हळूहळू कमी केलं. आता तिचं पालटून पालटून चालतं. कधी गांडूळ, कधी मासा, कधी पिंकी. सोहमने वहीत तारखा घालून तक्ता केला आहे. जावईबापूंनी तो आखून दिला. दुकानात परत द्यायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. उलट शाळेतली दोन मुलं ‘शेवई’ बघायला घरी येऊ लागली, आणि त्यांच्यासाठी मी शेवयांची खीर केली. कुणाला ती खायला धीर होईना!

ऑक्टोबरात मी परत निघाले. लेकीने शेवईच्या खाण्याचा डबा फ्रीझरच्या खालच्या खणात वेगळा ठेवला होता. निघायच्या आदल्या रात्री मी त्यावर जाड पेनने, मोठ्या मराठी अक्षरांत लिहून आले: ‘कोलंबी नव्हे.’